मोजणीच्या खोलीतील स्वयंसेवक : शॉ यांचे 'मेजर बार्बरा' आणि धर्मादाय कॅसिनो

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांचे 'मेजर बार्बरा' हे नाटक १९०५ साली लंडनच्या कोर्ट थिएटरात प्रथम रंगभूमीवर आले. मराठी वाचकाला शॉ ठाऊक आहेत ते मुख्यत्वेकरून 'पिग्मॅलियन'मुळे, आणि त्याहीपेक्षा पु. ल. देशपांडे यांनी त्यावरून सिद्ध केलेल्या 'ती फुलराणी'मुळे. 'मेजर बार्बरा' आपल्या धर्मविद्येच्या वर्गांतून क्वचितच वाचले जाते. वस्तुतः सेवाकार्यासाठी लागणारा पैसा आणि त्या सेवेचा आत्मा यांच्यातील तेढ इतक्या निर्दयपणे मांडणारे दुसरे नाटक निदान माझ्या वाचनात नाही. नाटककार स्वतः ख्रिस्ती श्रद्धेचा नव्हता. त्यामुळे त्याने आपल्याला सवलत दिलेली नाही, हा आपला लाभच म्हणावयाचा.

या नाटकाकडे पुन्हा वळण्याचे कारण वाङ्मयीन नाही. पाश्चात्त्य देशांत गेली कित्येक दशके रूढ असलेली 'धर्मादाय कॅसिनो रात्र' आता आपल्या लोकांच्याही परिचयाची होऊ लागली आहे. परदेशी स्थायिक झालेले आपले बांधव तेथे स्वयंसेवक म्हणून उभे राहतात. इकडच्या युवक मंडळांतूनही छताच्या दुरुस्तीसाठी वा दवाखान्याच्या खाटांसाठी असा एखादा कार्यक्रम का करू नये, अशी विचारणा होते. या विचारणेला 'जुगार हे पाप आहे' एवढे उत्तर पुरत नाही, आणि 'हेतू चांगला आहे' एवढ्याने तर मुळीच भागत नाही. शॉ यांच्या नाटकाने या प्रश्नावर प्रकाश किती पडतो आणि कोठे तो प्रकाश अपुरा ठरतो, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

कथानक थोडक्यात असे. बार्बरा ही उमराव घराण्यातील मुलगी मुक्तिफौजेत मेजर आहे. (मुक्तिफौज १८८२ साली मुंबईत उतरली, तेव्हा तिचे ढोल आणि झेंडे आपल्या आजोबा-पणजोबांना अपरिचित नव्हते.) तिचे वडील अँड्र्यू अंडरशाफ्ट तोफा व दारूगोळा तयार करणारे कोट्यधीश कारखानदार. वेस्ट हॅम येथील मुक्तिफौजेच्या आश्रयगृहात हिवाळ्यात उपाशी माणसांना पाव आणि दूध मिळते. पण पैसा संपत आला आहे. अशा वेळी बॉजर नावाचा मद्यसम्राट पाच हजार पौंड देऊ करतो, मात्र इतरांनी आणखी पाच हजार उभे केले पाहिजेत या अटीवर. ते दुसरे पाच हजार अंडरशाफ्ट जागच्या जागी लिहून देतो. फौजेच्या अधिकारी मिसेस बेन्स सद्गदित होऊन देणगी स्वीकारतात. ज्या दारूने आश्रयगृह भरते त्या दारूचा आणि ज्या तोफांनी विधवा होतात त्या तोफांचा पैसा आलेला पाहून बार्बरा गणवेशावरील बिल्ला काढते व वडिलांच्या छातीवर टोचते. बाकीची फौज वाजतगाजत सभेला निघते. ट्राँबोन अंडरशाफ्टच्या हाती असतो.

शॉ यांचे म्हणणे प्रस्तावनेत अधिक उघड आहे. स्वच्छ पैसा असा कोठे नसतोच. समाजाची सारी संपत्ती एकमेकींत मिसळलेली आहे. तेव्हा अमुक नाणे घेईन आणि तमुक नाकारीन हा सोवळेपणा निरर्थक होय. हा युक्तिवाद आपण समजतो तितका अधर्मी नाही. लूकच्या सोळाव्या अध्यायात प्रभूने अन्यायाच्या धनानेही मित्र जोडावयास सांगितले आहे. आपल्या दानपेटीत पडलेल्या प्रत्येक रुपयाची वंशावळ आपण विचारीत बसलो तर रविवारची मिस्सा सोमवारपर्यंत संपावयाची नाही. सावकाराच्या, कंत्राटदाराच्या, गुत्तेवाल्याच्या देणग्यांवर उभी राहिलेली मंदिरे, मठ आणि चर्चेस आपल्या मुलखात थोडी नाहीत.

मात्र येथेच एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. शॉ यांच्या नाटकात मुक्तिफौज केवळ घेणारी आहे. बॉजरची भट्टी चालविण्यास मिसेस बेन्स गेलेल्या नाहीत; जेनी हिल गुत्त्यात पेले भरीत नाही. पैसा दूर कोठेतरी मिळविला गेला आणि धनादेशाच्या रूपाने दारात आला. 'हा पैसा कोणाचा?' एवढाच प्रश्न नाटककाराने आपल्यापुढे ठेवला, आणि तो प्रश्न असा निवडला की उत्तरात त्याचाच विजय व्हावा. धर्मादाय कॅसिनोत प्रश्न निराळा आहे. तेथे सेवाभावी माणूस स्वतः टेबलापाशी जातो.

या प्रथेचे सर्वांत व्यवस्थित रूप कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात पाहावयास मिळते. कॅनडाच्या फौजदारी संहितेत १९६९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर धर्मादाय आणि धार्मिक संस्थांना परवान्याने असे खेळ चालविण्याचा मार्ग मोकळा झाला. मिळकत धर्मादाय वा धार्मिक कार्यासाठीच वापरली पाहिजे ही अट राहिली. अल्बर्टात इमारत, टेबले आणि पत्ते वाटणारे पगारी नोकर खाजगी चालकाचे असतात. परवाना मात्र दोन दिवसांपुरता एखाद्या संस्थेच्या नावे निघतो. शाळांच्या पालक समित्या, खेळांची मंडळे, भाषा-संस्कृती मंडळे आपापल्या पाळीची वाट पाहतात. पाळी आली की संस्थेने आपले बिनपगारी स्वयंसेवक पाठवावयाचे: कोणी व्यवस्थापक, कोणी रोखपाल, कोणी टेबलाकडे चिप पोहोचविणारा, कोणी रात्री उशिरा बंद खोलीत कॅमेऱ्यांखाली नोटा मोजणारा. तीन महिन्यांतील अशा संस्थांची मिळकत एकत्र करून सारखी वाटली जाते. स्लॉट यंत्रांच्या उत्पन्नातूनही त्यांना १५ टक्के वाटा मिळतो.

दुसरा प्रकार सौम्य आहे. अमेरिकेत व इंग्लंडात एखाद्या सभागृहात भाड्याची टेबले मांडून खोट्या पैशांनी खेळ चालतो. पाहुणा प्रवेशशुल्क देतो, शेवटी चिपांच्या बदल्यात एखादी टोपली वा जेवणाचे कूपन जिंकतो, आणि कोणाचेही घर उद्ध्वस्त होत नाही. या दोहोंना एकाच फटक्यात पाप ठरविणारा उपदेशक मला उतावळा वाटतो. चिठ्ठ्या टाकणे स्वतः पाप नव्हे, मत्तियाची निवड प्रेषितांनी त्याच रीतीने केली (प्रे. कृ. १:२६). वधस्तंभाखाली शिपायांनी अंगरख्यासाठी टाकलेल्या चिठ्ठ्या आपल्याला अस्वस्थ करतात त्या चिठ्ठ्या म्हणून नव्हे, तर मरणारा माणूस डोक्यावर असताना त्यांना वर पाहावेसे वाटले नाही म्हणून. कॅथॉलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथातील २४१३ वा परिच्छेदही नशिबाच्या खेळांना स्वभावतः अन्याय्य ठरवीत नाही. खेळणाऱ्याच्या वा त्याच्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या गरजेचा घास जेथे हिरावला जातो तेथून अनीती सुरू होते, असा त्याचा आशय आहे. सीमा स्पष्ट आहे. अडचण इतकीच की मोजणीच्या खोलीत बसलेल्या स्वयंसेवकाला ती सीमा दिसत नाही.

संत थॉमस अक्वायनस यांनी या विषयाला फार पूर्वी स्पर्श केला आहे. 'सुम्मा'च्या दुसऱ्या भागाच्या उत्तरार्धातील ३२ व्या प्रश्नात, गैरमार्गाने मिळालेल्या द्रव्यातून दान करता येते काय, याची चर्चा आहे, आणि तेथे फाशांच्या कमाईचा खास उल्लेख येतो. अज्ञान बालक किंवा वेडा मनुष्य, ज्यांना आपले द्रव्य देऊन टाकण्याचा अधिकारच नाही, त्यांच्याकडून जिंकलेले परत केले पाहिजे. फसवून जिंकलेले परत केले पाहिजे. आणि मिळकतीच्या लोभाने ज्याला खेळाकडे ओढून आणले त्याच्याकडून जिंकलेलेही परत केले पाहिजे. ही तिसरी अट वाचून मी नेहमी थबकतो. 'ओढून आणणे' हे क्रियापद शॉ यांच्या नाटकात कोठेच नाही. बॉजर ओढतो, पण नाटकाबाहेर. धर्मादाय कॅसिनोत ओढणारा हात संस्थेचा असतो आणि तो स्वच्छ असतो म्हणूनच अधिक ओढतो. एरवी कॅसिनोची पायरी न चढणारा भला माणूस 'अनाथांसाठी आहे' या शब्दावर चढतो.

येथे गणिताकडेही दुर्लक्ष करू नये. युरोपीय पद्धतीच्या रुलेटच्या चाकावर ३७ घरे असतात आणि एका आकड्यावर लावलेल्या पैशाला ३५ पट मिळते. म्हणजे दीर्घकाळात खेळणाऱ्याच्या प्रत्येक शंभरातील सुमारे २.७ घरमालकाकडे राहतात. अमेरिकन चाकावर ३८ घरे असल्याने हा आकडा ५.२६ होतो. धर्मादाय रात्री 'घर' म्हणजे संस्था. याचा अर्थ स्पष्टपणे असा की पाहुण्याचे हरणे हेच संस्थेचे उत्पन्न आहे. त्या रात्री सारेच जिंकले तर अनाथाश्रमाच्या हाती काही उरणार नाही. स्वयंसेवक तोंडाने पाहुण्यास शुभेच्छा देतो आणि मनाने उलट इच्छितो. एवढी एक विसंगती कोणत्याही प्रार्थनासभेपूर्वी विचारात घेण्यासारखी आहे.

बरे, हरलेले पैसे म्हणजे दानच असे म्हणावे, तर अमेरिकेचे आयकर खातेसुद्धा ते मान्य करीत नाही. धर्मादाय सोडतीच्या वा बिंगोच्या तिकिटाची रक्कम तेथे देणगी म्हणून वजा मिळत नाही, कारण देणाऱ्याने त्या बदल्यात जिंकण्याची संधी विकत घेतलेली असते. दानाची व्याख्या करवसुली अधिकाऱ्याने सांभाळावी आणि धर्मगुरूने सैल करावी, ही परिस्थिती शॉ यांना फार आवडली असती.

पैसा नेमका कोणाकडून येतो हाही प्रश्न आहे. अल्बर्टातील लेथब्रिज विद्यापीठाचे रॉबर्ट विल्यम्स आणि रॉबर्ट वुड यांनी ऑन्टारिओ प्रांताचा अभ्यास करून २००४ साली असा निष्कर्ष मांडला की जुगाराच्या उत्पन्नापैकी सुमारे ३५ टक्के भाग, व्यसनामुळे ज्यांचे जीवन बिघडले आहे अशा सुमारे पाच टक्के लोकांकडून येतो. हे प्रमाण स्थळकाळाप्रमाणे बदलेल. पण संस्थेच्या ताळेबंदातील एखादा ठळक वाटा रोग्यांच्या खिशातून येतो हे नाकारता येणार नाही. अक्वायनसच्या पहिल्या अटीतील 'द्रव्य देण्याचा अधिकार नसलेला' मनुष्य कोण, याचे आजचे उत्तर येथे दडले आहे असे मला वाटते.

बेळगावहून कॅलगरीस जाऊन राहिलेल्या एका सद्गृहस्थांचे पत्र मला आले. मुलांच्या मातृभाषेचे वर्ग चालविणाऱ्या मंडळासाठी त्यांनी दोन रात्री मोजणीचे काम केले. कामात लबाडीला वाव नव्हता, सोबत चांगली होती, वर्गाचे वर्षाचे भाडे सुटले. परंतु संध्याकाळी आत जाताना एका यंत्रापुढे बसलेली जी वृद्धा त्यांनी पाहिली, तीच मध्यरात्र उलटल्यावर बाहेर पडताना त्याच स्टुलावर बसलेली होती. "फादर, हे पापस्वीकारात सांगावयाचे काय, आणि सांगावयाचे तर कोणत्या आज्ञेखाली?" असा त्यांचा प्रश्न होता. नीतिशास्त्राच्या परिभाषेत उत्तर अवघड नाही. त्यांनी कोणाच्या हानीची इच्छा केली नाही. त्यांचा सहभाग हेतूचा नव्हे, केवळ कृतीचा आहे. आणि तोही पुष्कळ दूरचा. तसे मी त्यांना कळविले, आणि ती आज्ञा शोधण्यापेक्षा मंडळाच्या वार्षिक सभेत ती वृद्धा आणावी, असेही कळविले. कॅसिनोचा वाटा सोडल्यास प्रत्येक कुटुंबाची वर्गणी किती होईल, हा हिशेब एकदा उघडपणे मांडला जावा. तो मांडावयास कोणीच तयार नसते, हे त्यांचे पुढील पत्र सांगते.

याच शहरात २००६ साली तेव्हाचे बिशप फ्रेड हेन्री यांनी कॅथॉलिक शाळांनी कॅसिनो व बिंगोचा पैसा घेणे थांबवावे असा आग्रह धरला, तेव्हा मोठा वाद झाला. मग संगणक कोण देणार, सहली कोण काढणार, हा पालकांचा प्रश्न. मिसेस बेन्स यांचा प्रश्न याहून वेगळा नव्हता: हिवाळा आला आहे, आश्रयगृह बंद करू काय? बिशपांना कठोर म्हणणारे अनेक होते. मला त्यांचा निर्णय योग्य वाटतो, आणि मिसेस बेन्स यांचा प्रश्नही प्रामाणिक वाटतो. निर्णय देणाऱ्याने संगणकांची सोय पाहण्याची जबाबदारीही उचलली पाहिजे, एवढेच मी त्यात जोडीन.

आता नाटकाच्या दुसऱ्या अंकातील एका प्रसंगाकडे वळतो. माझ्या मते शॉ यांच्या सिद्धांतापेक्षा तो प्रसंग मोठा आहे. बिल वॉकर नावाचा दांडगट जेनी हिलच्या तोंडावर मारतो. पुढे मन टोचू लागल्यावर तो भरपाई म्हणून एक पौंडाचे नाणे आणतो. बार्बरा ते घेत नाही. अंडरशाफ्ट त्यात नव्याण्णव घालून शंभर पुरे करण्याची तयारी दाखवितो. तरीही घेत नाही. तिला पौंड नको आहे, बिल हवा आहे. नाणे ढोलावर पडून राहते आणि आश्रयगृहातला दांभिक स्नॉबी प्राइस ते हळूच लांबवितो. त्यानंतर लगेच पाच हजारांचा धनादेश स्वीकारला जातो, आणि बिल, ज्याचा एक पौंड नाकारला गेला, आपण अजून विकावयाचे राहिलो हे पाहून कुत्सितपणे हसतो. बार्बराचा पराभव या हास्यात आहे. तिच्या हातून पैसा गेला नाही, माणूस गेला.

दानाविषयीचे ख्रिस्ती तत्त्व यापेक्षा नेमकेपणाने रंगभूमीवर आलेले मी पाहिले नाही. मार्कच्या बाराव्या अध्यायात प्रभू दानपेटीसमोर बसला आणि लोक पैसे कसे टाकतात ते पाहत राहिला. किती टाकतात हे पेटी सांगू शकली असती. कसे टाकतात हे पाहावयास तो बसला. विधवेच्या दोन टोल्यांना मोल आले ते पाहणाऱ्याच्या नजरेमुळे. कॅसिनोच्या एकत्रित निधीत देणारा कोणी उरतच नाही. ज्याने दिले त्याला द्यावयाचे नव्हते, ज्याने मोजले त्याने त्याला पाहिले नाही, ज्याला मिळाले त्याला आभार कोणाचे मानावे हे ठाऊक नाही. पौलाने करिंथकरांस लिहिताना (२ करिंथ ८-९) मासेदोनियाच्या दरिद्री मंडळ्यांचे जे कौतुक केले, ते अशा निधीविषयी करता येणार नाही, मग तो कितीही भरघोस असो. मिझोरामच्या ख्रिस्ती स्त्रिया स्वयंपाकाच्या वेळी मंडळीसाठी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवतात. १९१० च्या सुमारास सुरू झालेल्या त्या प्रथेने पुढे मोठी कार्ये उभी केली. आपल्याकडील कापणीच्या सणातला लिलावही याच जातीचा. भोपळ्याची किंमत दहापट चढते, पण चढविणारा कोण ते सारी मंडळी पाहत असते आणि त्यालाही आपण देत आहोत हे ठाऊक असते.

तिसऱ्या अंकात मात्र शॉ निसटतात. अंडरशाफ्टचे कामगार-नगर सुंदर, स्वच्छ, सुखवस्तू आहे. बार्बरा तेथेच भरल्या पोटाच्या माणसांच्या आत्म्यांसाठी काम करण्याचे ठरविते. पावाचे आमिष न दाखविता सुवार्ता सांगावी हा तिचा विचार मोलाचा आहे, आणि मिशनकार्याच्या इतिहासात 'तांदळाचे ख्रिस्ती' हा टोमणा ऐकलेल्या आपल्याला तर तो विशेष लागू पडतो. पण त्या नगराची समृद्धी ज्यावर उभी आहे ते रंगभूमीवर येत नाही. नव्या हवाई युद्धनौकेने किल्ला आणि तीनशे सैनिक नष्ट केल्याची वार्ता अंडरशाफ्ट आनंदाने सांगतो व वाटेतील पेंढ्याच्या सैनिकाला लाथेने सारतो. प्रेक्षक त्या पेंढ्याकडे पाहतात. तीनशे कोणी पाहत नाही. मोजणीच्या खोलीला भिंती असतात, त्या याच कामासाठी.

'पैसा कोठून आला' एवढाच प्रश्न विचारणाऱ्यांत शॉ एकटे नाहीत. यहूदाने टाकून दिलेली तीस रुपये पाहून मुख्य याजकांनी ते रक्ताचे मोल म्हणून भांडारात घालण्यास नकार दिला आणि परक्यांच्या दफनासाठी कुंभाराचे शेत घेतले (मत्तय २७). सोवळेपणाही झाला, धर्मादायही झाला. ते पैसे त्यांनीच मोजून दिले होते, याची आठवण त्या बैठकीत कोणी केल्याचे शुभवर्तमानकार सांगत नाही.

आपल्या परिसरासंबंधी दोन शब्द. गोव्यात १९७६ च्या जुगारबंदी कायद्यात १९९२ व १९९६ साली झालेल्या दुरुस्त्यांनी प्रथम पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांना आणि मग नौकांवरील कॅसिनोंना वाट दिली. २०२० साली गोमंतकीयांना तेथे खेळण्यास मनाई झाली; मांडवीतल्या नौकांवर बेळगाव, हुबळी, हैदराबादची माणसे मात्र चढतात. आपली मुले वाचवून शेजाऱ्याची मुले बोलवावीत, या व्यवस्थेवर निराळा लेख व्हावयास हवा. फेस्ताच्या संध्याकाळची हौजी मी या पंक्तीत बसवीत नाही. चार रुपयांचे कार्ड, ओळखीची माणसे, आकडे ओरडणाऱ्याच्या कोट्या, हा बहुतांशी एकत्र बसण्याचा बहाणा असतो. परंतु बक्षिसात मोटार आली, कार्डे दलालांमार्फत परगावी विकली जाऊ लागली, की चेहरे जातात आणि निधी उरतो. तेथे हौजीचेही नाव बदलावे लागेल.

ज्या धर्मशिक्षकांना युवक मंडळात हा विषय घ्यावयाचा असेल त्यांनी संपूर्ण नाटक वाचून दाखविण्याच्या भानगडीत पडू नये; पहिल्या अंकातील उमरावी थट्टा आपल्या मुलांपर्यंत पोहोचत नाही. फक्त दुसरा अंक घ्यावा, तोही स्वैर मराठीत. बिल वॉकरचे काम मंडळाच्या खजिनदाराला द्यावे. ढोलावर खरे नाणे ठेवावे, स्नॉबी ते उचलतो तेथे वाचन थांबवावे, आणि चर्चेला सुरुवात होण्यापूर्वी ते नाणे कोणी पाहिले होते, हे मुलांना विचारावे.